प्रतिसाद : झोपेच्या प्रकल्पाचा अर्ज

यवतमाळ भागातल्या गावांत झोपेची तपासणी आणि जनजागृती, दोन्हींसाठी आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एकच अर्ज करावा, असं वर सुचवलंय. माझ्या मते दोन्ही वेगळं ठेवा. आयसीएमआर संशोधनाला पैसा देते. तिथे ठोस प्रश्न, नमुनासंख्येचं गणित आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. नुसती शिबिरं, पथनाट्यं सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून करा. कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये प्रतिबंधात्मक आरोग्य बसतं. मात्र सीएसआर-१ हा फॉर्म भरून संस्थेची नोंदणी आधी हवी, नाहीतर कंपनी इच्छा असूनही पैसे देऊ शकत नाही.

खरी गोची प्रश्नावलीत. दिवसा किती झोप येते हे मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत ८ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली की दिवसा जास्त झोप येते असं धरतात. पण त्यात कारमध्ये बसल्यावर डुलकी लागते का, असं विचारलंय. कापूस वेचणारी बाई काय सांगणार? पण परस्पर कारच्या जागी 'एसटी' करून टाकू नका. प्रश्नावलीला स्वामित्वहक्क आहे, परवानगी घ्या.

शिवाय कृषिपंपाची वीज रात्रपाळीत असली की माणूस ओलितासाठी जागाच असतो. त्याला निद्रानाशात मोजलं तर आकडे फुकट. त्या आठवड्याची वीजपाळी फॉर्मवर नोंदवाच.

घरी रात्रभर यंत्र लावून झोपतपासणी असेल तर बजेटमध्ये माणशी एक नवी, श्वास मोजणारी नाकातली नळी आणि फेरतपासणीचा खर्च धरा. बोटावरचा सेन्सर रात्रीतून निसटतोच, आणि ४ तासांपेक्षा कमी नोंद सहसा धरत नाहीत. वेचणीच्या हंगामात तर कोणी यंत्र लावायला तयारच होत नाही बाप्पा.