क्रूझवर रात्रीचं जेवण अनोळखी लोकांसोबत एकाच टेबलवर: चालेल की नको?

कर्वेनगरकरीण

ऑक्टोबरमध्ये नवरा आणि मी बार्सिलोनाहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर जातोय. बुकिंग झालंय, शेंगेन व्हिसाचं चालू आहे, आणि आता फॉर्ममध्ये विचारलंय की रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळेला हवं की आपल्या सोयीने, आणि टेबल फक्त तुमचं हवं की शेअरिंग चालेल. शेअरिंग म्हणजे सहा-आठ जणांचं टेबल, रोज तेच लोक, तोच वेटर. नवरा म्हणतो अजिबात नको. मी म्हणते हवंच, आणि का ते सांगते.

जहाजावर तीन-चार हजार माणसं असतात आणि तरी आठवडाभरात कोणाशी धड बोलणं होत नाही. लिफ्टमध्ये हाय-हॅलो, पूलवर खुर्ची धरायची घाई, बुफेला प्लेट हातात घेऊन जागा शोधत फिरा, शोमध्ये अंधार, बंदर आलं की जो तो आपापल्या बसमध्ये. निवांत बसून समोरच्याशी बोलता येईल अशी एकच जागा म्हणजे रात्रीचं टेबल, आणि तीच आपण आपल्या हाताने बंद करायची?

मागे बहिणीबरोबर सिएटलहून अलास्काला गेले होते, तेव्हा आमच्या टेबलवर कॅनडातले एक रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर आणि त्यांची बायको होती. काकांचा उजवा हात पॅरालिसिसमुळे चालत नव्हता. पहिल्या रात्री बायको त्यांचं चिकन कापून द्यायची, तिचं स्वतःचं जेवण गार व्हायचं. त्यांच्या शेजारी माझी बहीण बसायची. तिसऱ्या-चौथ्या रात्री बघते तर बहीणच त्यांची प्लेट ओढून घेऊन कापून देत होती, कोणी सांगितलं नव्हतं, कोणी थँक्यू म्हणत बसलं नाही, काका आपले उणे तीस डिग्रीत पहाटे बस कशी चालू करायची ते सांगत होते आणि त्यांची बायको पहिल्यांदा गरम सूप पीत होती. ग्लेशियरचे फोटो फोनमध्ये आहेतच, पण त्या ट्रिपचं नाव काढलं की मला ते टेबल आठवतं.

तर सांगा, तुम्ही बसाल का?

पेठेतला

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. मी बँकेत काउंटरला आहे, दिवसभर अनोळखी लोकांशी गोडच बोलायचं असतं, आणि मग दोन-तीन वर्षं पैसे साठवून बायकोला घेऊन समुद्रावर जायचं आणि तिथेही रोज रात्री 'सो व्हेअर आर यू फ्रॉम' पासून सुरू करायचं? ती संध्याकाळ माझ्या बायकोची आहे. घरी आम्हाला समोरासमोर बसून जेवायला वेळ मिळत नाही, तिची शिफ्ट, माझं क्लोजिंग, मुलीचा क्लास.

आणि मी काही माणूसघाणा नाही हो. रविवारी बेडेकरांकडे मिसळ खायला गेलो की समोर जो बसेल तो बसेल, मला चालतं, कारण दोघंही वीस मिनिटांत उठणार असतो आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. क्रूझचं जेवण दीड-दोन तास चालतं, गुणिले सात. मध्ये उठताही येत नाही कारण स्टार्टर, मेन कोर्स, गोड सगळ्या टेबलचं एकदम येतं. एक जोडपं उशिरा आलं की बाकीचे ब्रेड चघळत बसतात. नाही पटलं आणि तिसऱ्या दिवशी बुफेला गेलो तर त्यांना वाटणार हे रागावले, मग कॉरिडॉरमध्ये तोंड चुकवत फिरा.

एकटी_फिरते

दादा, तुम्ही दोघं आहात म्हणून हे बोलताय. मी एकटी जाते. क्रूझचे दर माणशी असतात पण खोलीत दोघं धरून, त्यामुळे एकट्या बाईने पूर्ण खोली घेतली की बऱ्याच वेळा जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. २०१० मध्ये नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने आपल्या एपिक जहाजावर एकट्यांसाठी छोट्या स्टुडिओ खोल्या आणल्या आणि नंतर बाकीच्यांनीही थोड्या थोड्या ठेवल्या, पण त्या भराभर संपतात. एवढे पैसे भरून रात्री दोघांच्या टेबलवर समोर रिकामी खुर्ची बघत जेवायचं, आणि वेटर येऊन समोरचे काटे-चमचे उचलून नेतो तो क्षण मला आवडत नाही, स्पष्टच सांगते. मोठ्या टेबलवर मी एक माणूस असते, 'एकटी आलीये बिचारी' नसते.

सगळे पेठेतला दादांसारखं म्हणायला लागले तर शेअरिंगच्या टेबलवर आम्ही एकटेच उरणार, मग त्या टेबलला काय अर्थ राहील?

पेठेतला

ताई, तुमचं पटतंय आणि तुमच्यासाठी ती सोय असायलाच हवी. पण तुमची सोय म्हणून मी बसावं हे नाही पटत. ज्याला हवं त्याने बसावं.

औंधकर काका

आमचा अनुभव लिहितो, कारण वर सगळे तरुण दिसताहेत. मुलाने हौसेने आम्हा दोघांना पाठवलं आणि टेबल शेअरिंग टाकलं, म्हटला आईबाबांना कंपनी मिळेल. मला डाव्या कानाला मशीन आहे. डायनिंग हॉलमध्ये शेकडो माणसं एकदम बोलत असतात, काट्या-चमच्यांचा आवाज, त्यात कोणाचा वाढदिवस असला की वेटर टाळ्या वाजवत गाणं म्हणतात. मशीनमध्ये सगळा एकच गोंगाट होतो. समोरचे ऑस्ट्रेलियन जोडपं भलं होतं, पण त्यांचा उच्चार मला कळेना आणि दर वाक्याला 'पार्डन' म्हणायची लाज वाटायची. मग मी हसून मान हलवायला लागलो. हिला इंग्लिश कळतं, बोलायची सवय नाही. शाळेत चाळीस मुलांना गप्प बसवणारी बाई ती, दोन तास नॅपकिनची घडी करत बसायची. मला ते बघवलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोघांचं टेबल मागून घेतलं, खिडकीजवळचं. तिथे ही पुन्हा बोलायला लागली. तेव्हा मुलांनो, आईवडिलांना पाठवताना परस्पर शेअरिंग टाकू नका, आधी विचारा.

कर्वेनगरकरीण

काका, हे वाचून वाईट वाटलं, आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आईबाबांच्या वेळी नक्की विचारेन.

तरी एक म्हणू का, राग मानू नका. त्या ऑस्ट्रेलियन जोडप्याला मशीनचं सांगितलं होतंत का? मला वाटतं माणसं सांगितलं की समजून घेतात, जागा बदलून उजव्या कानाच्या बाजूला बसतात.

औंधकर काका

नव्हतं सांगितलं. पण ताई, सुट्टीला गेल्यावर सगळ्यांना आपलं दुखणं सांगत बसावं असंही वाटत नाही ना. आणि हिच्या इंग्लिशचं काय सांगणार?

माजी_जहाजवाला

मी काही वर्षं जहाजावर डायनिंगमध्ये होतो, आता हिंजवडीला कँटीन सांभाळतो. थोडं आतलं सांगतो म्हणजे चर्चा हवेत होणार नाही.

मेन डायनिंग हॉलमध्ये सगळे पॅसेंजर एकदम मावत नाहीत, म्हणून दोन पाळ्या: पहिली साधारण सहाच्या आसपास, दुसरी आठ-साडेआठला, युरोपात अजून उशिरा. मोठी टेबलं ठेवली की त्याच जागेत जास्त माणसं बसतात आणि एका वेटर-असिस्टंट जोडीला ती सांभाळता येतात. दोघांची टेबलं कमी असतात, आणि असतात तीही इतकी खेटून की शेजारच्यांचं सगळं ऐकू येतं. म्हणजे पेठेतला दादा, दोघांचं टेबल घेतलंत तरी एकांत मिळेलच असं समजू नका.

एकत्र बसण्याची पद्धत जुन्या प्रवासी जहाजांपासूनची. तेव्हा लांबच लांब टेबलं आणि जमिनीला बोल्ट केलेल्या फिरत्या खुर्च्या असायच्या, म्हणजे समुद्र खवळला तरी माणूस घसरायचा नाही. आणि पैसेवाल्यांना वेगळं जेवायचं होतं तेही जुनंच आहे, १९०५ साली अमेरिका नावाच्या जर्मन जहाजावर रिट्झ या प्रसिद्ध हॉटेलवाल्याच्या नावाचं वेगळं रेस्टॉरंट सुरू झालं होतं, जास्तीचे पैसे देऊन. अलीकडे नॉर्वेजियनने २००० साली हवं तेव्हा हवं तिथे जेवा असं सुरू केलं आणि मग बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या नावाने तशी सोय काढली.

आता कामाचं. टेबल बदलायचं असेल तर पहिल्याच दिवशी दुपारी जहाजावर चढल्या चढल्या हेड वेटरला किंवा मेत्र डी ला, म्हणजे डायनिंग हॉलच्या प्रमुखाला, भेटा. तेव्हा अदलाबदल चालू असते, सगळ्यांना सवय आहे, कोणी वाईट वाटून घेत नाही. दोन रात्री बसून मग बदललं तरी चालतं, फक्त न सांगता गायब होऊ नका. आम्ही तुमच्या सीटसाठी थांबायचो आणि बाकी टेबलची ऑर्डर अडकायची.

आणि काका, ऐकू कमी येतं असं सांगितलं असतंत तर भिंतीकडेचं शांत टेबल मिळालं असतं, शेअरिंगमध्येसुद्धा. अशा रिक्वेस्ट आम्हाला नेहमीच यायच्या.

भाजीभाकरी

शाकाहाराचं कोणीच बोललं नाही. आमच्या घरी अंडंसुद्धा नाही. समोरच्याच्या प्लेटमध्ये अर्धाकच्चा स्टेक, कापला की लाल पाणी, आणि माझ्या सासूबाई त्याच टेबलवर. त्यांना काय शिकवणार तुम्ही? त्या काही वाईट बोलल्या नाहीत, पण जेवल्याही नाहीत. यात समोरच्याचा काहीच दोष नाही, तो त्याच्या पैशाने त्याचं जेवत होता. म्हणूनच वेगळं बसावं, दोघांच्याही भल्यासाठी.

नवी_सांगवी

भाजीभाकरी ताई, आम्ही पण शाकाहारी, आमचं उलट झालं. बुकिंगच्या वेळीच व्हेज कळवलं होतं, पहिल्या रात्री हेड वेटरने येऊन दुसऱ्या दिवशीचा मेन्यू दाखवला आणि काय हवं ते आधीच लिहून घेतलं. स्वयंपाकी भारतीय होता, डाळ, भात, एक भाजी रोज यायची. टेबलवरच्या आयरिश बाईने विचारलं हे काय, मला पण मिळेल का, आणि शेवटी आठातल्या पाच जणांसमोर डाळ! माझा मुलगा तेव्हा नववीत होता, घरी पाहुणे आले की खोलीत जाऊन बसणारा. त्याने त्या बाईला कढी आणि डाळ यातला फरक समजावून सांगितला, इंग्लिशमध्ये, दहा मिनिटं. मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे, दोघंही गप्प राहिलो, म्हटलं आपण बोललो की थांबेल हा.

पेठेतला

मुलाचं वाचून छान वाटलं, मनापासून. पण तुम्हाला चांगली माणसं मिळाली म्हणून हे सगळं गोड आहे. आमच्या मित्राला टेबलवर पुण्याचेच लोक मिळाले. पहिल्याच रात्री, सूप यायच्या आधी, कुठे राहता, स्वतःचं आहे का, केवढ्याला घेतलं, मूल का नाही अजून. मूल का नाही हे बोटीवर सात रात्री! त्याच्या बायकोचे दोन आयव्हीएफ फेल झाले होते आणि ते विसरायला म्हणून गेले होते ते. ती दुसऱ्या रात्रीपासून केबिनमध्ये सँडविच मागवून खात होती. मला सांगा, हे कोणी भरून देणार? अनोळखी माणूस चांगला निघाला तर बोनस, वाईट निघाला तर सगळी ट्रिप गेली.

एकटी_फिरते

हे भयंकर आहे. आणि यावर माझ्याकडे काही उत्तर नाही, फक्त इतकंच की म्हणूनच मी ठरलेलं टेबल घेत नाही. सोयीच्या वेळेचं घेते आणि दारात सांगते शेअरिंग चालेल. रोज वेगळी माणसं. पटलं तर उद्या भेटू म्हणायचं, नाही पटलं तर गुडनाइट. कर्वेनगरकरीण ताईंच्या काकांसारखं चार रात्रींत मुरलेलं काही यातून मिळत नाही हे खरं, पण फसतही नाही कोणी.

कर्वेनगरकरीण

पेठेतला दादा, तुमच्या मित्राचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला बघ. मी पण थोडा वेळ गप्प झाले.

पण मग विचार केला की तो प्रश्न विचारणारी माणसं पुण्यात लग्नात भेटतात, सोसायटीत भेटतात, आणि तिथे तर टेबल बदलताही येत नाही. क्रूझवर निदान हेड वेटर आहे. एका घाणेरड्या प्रश्नाच्या भीतीने मी त्या स्कूलबसवाल्या काकांना सोडून देणार नाही, मला ते जमणार नाही. आणि अशा टेबलवर मी असेन तर त्या बाईला विषय बदलून देणारं कोणीतरी असेल, हेही एक कारण आहेच की बसण्याचं.

आमचं असं ठरलंय: सहा जणांचं शेअरिंग, ठरलेली वेळ, आणि एक रात्र जहाजावरच्या पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही दोघंच, टेबलवर आधी सांगून. नवऱ्याला पहिल्या दोन रात्रींत नको वाटलं तर मी हट्ट न करता बदलायचं. आता वेळ कुठली घेऊ? मार्सेय, जिनोआ, नेपल्स आणि रोमसाठी चिविटावेकिया अशी बंदरं आहेत.

माजी_जहाजवाला

उशिराची घ्या. चिविटावेकियाहून रोम सव्वा-दीड तास लांब, परत यायला संध्याकाळ होते, आंघोळ करून लवकरची पाळी गाठताना धावपळ होईल. फक्त युरोपातली उशिराची पाळी कधी कधी साडेनऊलाही असते, तेव्हा दुपारी चारच्या आसपास बुफेला काहीतरी खाऊन ठेवा. आणि फॉर्ममध्ये व्हेज असेल तर आत्ताच टाका, चढल्यावर नको.

पेठेतला

जाऊन या, आणि मिस्टरांचं मत त्यांनाच इथे लिहायला सांगा. आम्ही जानेवारीत जातोय, दोघांचंच टेबल घेतलंय, ते बदलणार नाही.