बेळगावच्या टिळकवाडीतला आपला जुना बार

आपला बार आता एका बार-साखळीकडे गेलाय. "नाव बदललं, बाकी बार तोच," असं तुम्ही म्हणता. मी शनिवारी जाऊन आलो, मला तो तोच वाटला नाही. पाटीबद्दल माझी तक्रार नाही. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, हा कर्नाटकातला नियम २०२४ पासून कायद्यातच आहे. आतलं टॉयलेट स्वच्छ झालंय आणि बायकामाणसांना निवांत बसता येतं, हेही मान्य.

दुखतंय ते स्वयंपाकघराचं. पूर्वी न मागता उकडलेल्या शेंगांची बशी यायची. रविवारी जवारी, म्हणजे गावठी, कोंबडीचं सुक्कं आणि गरम भाकरी असायची, रस्सा दुसऱ्यांदा वाढताना कुणी पैसे लावत नव्हतं. आता साखळीच्या प्रत्येक शहरात मिळतात तेच नगेट्स, तेच फ्राइज. आणि आवाज एवढा की शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं.

जुने वाढपी मामा अजून आहेत. गणवेशात ओळखूच आले नाहीत. समोरच्या टेबलाशी कानडीत बोलता बोलता माझ्याकडे वळले, "काय गा, लई दिवसांनी!" भाकरीचं विचारलं तर म्हणाले, मॅनेजरला गिऱ्हाइकांनीच सांगायला पाहिजे. मी सांगून आलोय. तुम्ही जाल तेव्हा तुम्हीही नक्की सांगा.