मालेविचचा 'काळा चौकोन': साल १९१३ की १९१५? आणि त्यात बघायचं काय?

अमळनेरची_एटीडी: नमस्कार मंडळी, मी एटीडी (कलाशिक्षक पदविका) करतेय, पुढच्या आठवड्यात वर्गात एका अमूर्त चित्रावर बोलायचंय आणि मी रशियन चित्रकार काझिमिर मालेविचचा काळा चौकोन घेतलाय. एका पुस्तकात साल १९१३ आहे दुसऱ्यात १९१५, कोणतं धरू? आणि वर्गातले म्हणतात हे तर आपण इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला भूमितीच्या पेपरात काढलंय. मला चित्र खूप आवडतं पण का ते सांगताच येत नाहीये, मदत करा ना.

चित्रकला_सर_चाळीसगाव: ताई १९१५ धरा. १९१३ मध्ये 'सूर्यावर विजय' नावाच्या ऑपेरासाठी पडदे-पोशाख त्याने केले होते, चौकोनाची कल्पना तिथली, म्हणून त्याने स्वतःच साल मागे नेलं. कॅनव्हास १९१५ चा, डिसेंबरात पेट्रोग्राडच्या (आताचं सेंट पीटर्सबर्ग) '०,१०' नावाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लागला.

वर्गाला आधी त्या प्रदर्शनाचा फोटो दाखवा. त्याची ३९ चित्रं होती, पण हा एकटा वर, छताजवळ, दोन भिंतींच्या कोपऱ्यात. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते, आपल्याकडे खानदेशात कानबाई देवी बसवायची जागा कशी ठरलेली असते तसंच, आणि तिथे याने येशू-मेरी काही न ठेवता काळा चौकोन टांगला, तोही महायुद्ध चालू असताना! लोक भडकणारच. भूमितीच्या पेपरातला चौकोन कोणी देवाच्या जागी लावतं का?

बोर्डपेंटर_भुसावळ: सरांचं बराबर शे भो, पण मी म्हणतो फोटो मोठा करून तडे बघा. काळ्याला सगळीकडे तडे गेलेत आणि आतून रंग डोकावतात. ऑइल पेंटवाल्याला लगेच कळतं, खालचा कोट पक्का वाळायच्या आत वरून मारला की वरचा फाटतोच. म्हणजे कोऱ्या कॅनव्हासवर नाही, आधीच्या रंगीत चित्रावर मारलंय त्याने, आणि थांबायला तयार नव्हता.

चित्रकला_सर_चाळीसगाव: अगदी! २०१५ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीने एक्स-रे तपासणी केली तेव्हा खाली दोन रंगीत रचना निघाल्या. कडाही बघा, पट्टी लावून मारलेल्या नाहीत, बाजू थोड्या तिरक्या आहेत, हात दिसतो त्यात.

तापीकाठ: मला नाही पटत. कोपरा, एक्स-रे, युद्ध हे सगळं बाजूला ठेवलं तर समोर काय उरतं? अजिंठा बघायला कोणाची गोष्ट ऐकावी लागत नाही, डोळे तिथेच थांबतात.

चित्रकला_सर_चाळीसगाव: दादा, अजिंठ्यात पण जातककथा माहीत असली तर आपण जास्त वेळ थांबतो की. आणि इथे समोर साडेएकोणऐंशी सेंटिमीटरचा चौरस कॅनव्हास उरतो, काळ्याभोवती पांढरी पट्टी, कुठलीही वस्तू नाही. त्याला तेच हवं होतं.

अमळनेरची_एटीडी: तड्यांचं मला माहीतच नव्हतं, तिथूनच सुरुवात करते. पण नेटवर एकाहून जास्त काळे चौकोन दिसतायत, ते नकली आहेत का?

चित्रकला_सर_चाळीसगाव: नाही, त्याचेच आहेत, एकूण चार केले. तुम्ही तडे असलेलाच घ्या, तोच १९१५ चा.