शेती सांभाळून कादंबरी पुरी कशी करायची?

केळीवाला_यावल
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आमची केळी आहे. आजोबांच्या काळातली कादंबरी लिहायला घेतलीय. सावदा स्टेशनवरून केळीच्या वॅगनी भरून दिल्लीला जायच्या, त्या दिवसांची. सुरुवातीची प्रकरणं सरसर झाली, आता अडलंय. पंपाला रात्रीची लाइट असली की मळ्यात वेळ मिळतो, पण मोबाइल हातात येतो आणि रील्स बघता बघता लाइट जायची वेळ होते. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची लागवड आली की तर विषयच संपला. कुणाला विचारलं की बहिणाबाईंचं उदाहरण ठरलेलं! त्या जात्यावर बसून रचायच्या, तुला काय धाड भरली? तुम्ही लिहिणारे लिहायचा नेट कसा टिकवता?

भुसावळचं_ऊन
पहाटे लिही भाऊ. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी डोकं चालतच नाही. आणि मळ्यात साधा बटनांचा फोन ने.

धुळ्याची_माई
दादा, बहिणाबाईंचं उदाहरण देणारे अर्धंच सांगतात. त्या रचायच्या खऱ्या, पण टिपून घेणारं माणूस घरात होतं. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी उतरवलं तेवढं राहिलं, बाकीचं गेलं. त्या १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. कान देणारं कुणी नसतं तर आज आपण काय वाचलं असतं?

साने गुरुजींचंही तेच. अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, बरं का! शाळा, वसतिगृह, सगळा व्याप सांभाळून. सकाळी मुलं वाचायला येणार म्हटल्यावर रात्री लिहावंच लागत असणार.

म्हणून माझं मत विचाराल तर वेळापत्रक नंतर बघा, आधी वाट बघणारं एक माणूस शोधा. एकच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर प्रकरणं टाकू नका. तिथे न वाचताच अंगठे येतात, आणि त्या अंगठ्यांवर पोट भरलं की लिहायची भूक मरते. मी स्वतः दिवाळी अंकाची तारीख धरून लिहिते. संपादक पावसाळ्यातच मजकूर मागतात, म्हणून माझ्या कथा उन्हाळ्यातच पुऱ्या होतात. तुमची कादंबरी, तुम्हाला तारखेपेक्षा माणूस उपयोगी पडेल.

पारोळेकर
भाऊ, लिखत ऱ्हाय. पुरं व्हयनं का माले धाड.

केळीवाला_यावल
माई, पटलं. पण माणूस कुठून आणू? घरात सगळे दमलेले असतात. फैजपूरला आत्या आहे, तिला वॅगनींचे दिवस चांगले आठवतात, पण तिला वाचता येत नाही.

धुळ्याची_माई
मग वाचून दाखवा की! दर रविवारी जा. मागच्या रविवारनंतर लिहिलेलं नेलं नाही तर ती बोलल्याशिवाय राहणार नाही. आणि ‘असं नव्हतं रे’ म्हणाली, की वाद न घालता ती काय सांगते ते तिच्याच बोलीत वहीत उतरवा. तुमचं अडलेलं प्रकरण बहुतेक तिच्याकडेच आहे.

केळीवाला_यावल
या रविवारी कटाई आहे, व्यापाऱ्याची गाडी येणार. सोमवारी जातो. आत्याला आत्ताच फोन केला, ती म्हणाली येताना भरीताची वांगी आण.