समेटात मागितलेली माफी बाहेर सांगता यावी की नाही?

सायंतारा: माझ्या धाकट्या बहिणीने ऑफिसातल्या वरिष्ठाविरुद्ध अंतर्गत समितीकडे छळाची तक्रार केली होती. पॉश, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या कायद्याच्या कलम 10 प्रमाणे चौकशीआधीच समेट झाला. पैशाचा प्रश्न नव्हता, पैशावर समेट करायला कायदाच परवानगी देत नाही. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत तो म्हणाला, "माझं चुकलं." कागदावर मात्र एवढंच आलं, 'उभयतांत समेट झाला.'

आठ महिन्यांनी तोच माणूस नव्या साहेबाला सांगतो की ही उगाच तक्रारी करते. बहीण गप्प, कारण कलम 16. तक्रार, नावं, समेटाचा तपशील, काहीच जाहीर करायचं नाही. बलात्काराच्या गुन्ह्यातसुद्धा पीडितेने लेखी संमती दिली तर तिचं नाव छापता येतं. मग इथे ही गुप्तता सोडायचा हक्क तक्रारदार बाईला का नाही?

नदीकाठ: वाचून वाईट वाटलं, तरी सहमत नाही. मी सहा वर्षं अशा समितीवर बाहेरची सदस्य आहे. समेट चौकशीआधी होतो, म्हणजे तोवर कोणी दोषी ठरलेलं नसतं. आपला शब्द बाहेर जाणार हे कळलं, तर वकिलाला विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडणार नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानेही कबुली, माफी, प्रस्ताव गुप्तच ठेवलेत, रेकॉर्डिंगलाही बंदी आहे. शिवाय तक्रारीत साक्षीदार म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीचं नाव असतं, तिला कोण विचारणार? आणि कलम 16 आहे ते लोकांना आणि माध्यमांना सांगण्याबद्दल. समेटाची अट मोडली तर समितीकडे परत जाता येतं, मग चौकशी पुढे चालते.

सायंतारा: ताई, अट कागदावर असेल तर मोडली म्हणायची ना! माफी तर हवेतच विरली.

खडीवाट: कॅलिफोर्नियात 2022 पासून वेगळं आहे. दावा दाखल झाल्यावरच्या समझोत्यात छळाची किंवा भेदभावाची हकिकत दडवणारी अट चालत नाही. रक्कम गुप्त ठेवता येते, आणि तक्रारदाराची इच्छा असेल तर तिचं नावही. घासाघीस झाकलेली राहते, घडलेलं नाही. मला हेच पटतं.

नदीकाठ: तिथे दावा कोर्टात किंवा सरकारी खात्याकडे गेलेला असतो. आपली समिती ऑफिसच्या चार भिंतींतली.

खडीवाट: कोर्टात गेल्यावर तरी काय? मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर 2021 मध्ये एका पॉश प्रकरणात घालून दिलेली पद्धत बघा. सुनावणी बंद दाराआड, आदेश वेबसाइटवर टाकायचा नाही, कोर्टाच्या परवानगीशिवाय पक्षकारांनीही तो माध्यमांना द्यायचा नाही. नावं झाकणं मी समजू शकतो. पण जिचा छळ झाला तिने स्वतःची गोष्ट सांगायला परवानगी का मागायची?

नदीकाठ: कारण त्या गोष्टीत दुसराही माणूस आहे, आणि त्याची बाजू अजून कोणी तपासलेली नाही.

सायंतारा: मग निदान एवढं सांगा, तुमच्या समितीच्या पुढच्या समेटात माफीचे शब्द जसेच्या तसे लिहून खाली त्याची सही घ्याल?

नदीकाठ: घेईन. आजवर घेत नव्हते, ते चुकलंच. पण तो कागद चव्हाट्यावर न्यायला माझा विरोध कायम आहे.