जुना वस्तरा घासून चकचकीत करायचा की नाही?

धोकटी:
इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात घडलेले शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे वस्तरे हल्ली आरशासारखे चकाकत विकायला येतात आणि लोक त्यांनाच जास्त पैसे मोजतात. माझ्या मते ही दुरुस्ती नाही, नासाडी आहे. वस्तऱ्याचं वय सांगणाऱ्या बहुतेक खुणा वरच्या केसभर थरातच असतात. टँगवर, म्हणजे पात्याच्या मानेवर, नुसतं 'शेफील्ड' असेल तर वस्तरा बहुधा १८९१ च्या आधीचा. अमेरिकेच्या मॅकिन्ले कायद्याने तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून 'इंग्लंड' दिसू लागतं. मुकुटाशेजारी 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. 'डब्ल्यू आर' म्हणजे चौथा विल्यम, जेमतेम सात वर्षं. ३२० चा पॉलिश पेपर तिथे चार वेळा फिरवला की झिजलेला डब्ल्यू व्ही वाटायला लागतो, मग बसा वाद घालत. पात्यावरची सोनेरी अक्षरं तर ब्रासोच्या एका हातात जातात.

सहाण:
साफ असहमत. वस्तरा हे हत्यार आहे, ताम्रपट नाही. शेफील्डचं ते जुनं पोलाद स्टेनलेस नव्हे. काळा डाग स्थिर असतो, तो राहू द्या. पण लाल गंज थांबत नाही, खाली खड्डे पाडत जातो. धारेपासून दोन मिलिमीटरच्या आत खड्डा असला तर आज ना उद्या सहाणेवर धार त्या खड्ड्यापर्यंत पोचते आणि तिथे भुगा होऊन तुटते. दहा पट भिंगातून धार काळ्या ठिपक्यांची दिसली तर कारण हेच. 'वय जपतोय' म्हणत लाल थर जपणाऱ्यांकडे पुढच्या पिढीत ना वय उरणार, ना वस्तरा.

धोकटी:
लाल गंज काढू नका असं मी कुठे म्हटलं? हलकं मशीन ऑइल, ०००० नंबरची (अगदी बारीक) स्टील वूल, पाठीकडून धारेकडे एकाच दिशेने हलका हात. लाल जातो, काळं राहतं. व्हिनेगरमध्ये मात्र बुडवू नका, ते चांगलं पोलादही खातं आणि पातं राखाडी करून ठेवतं. माझा विरोध खड्डे सपाट होईपर्यंत घासण्याला आहे. वस्तऱ्याच्या धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो, कारण सहाणेवर पाठ आणि धार दोन्ही टेकतात. २२ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ ६ मिलिमीटर असेल तर कोन सुमारे १५.७ अंश. दोन्ही बाजूंनी ०.३ काढलंत की पाठ ५.४ आणि कोन जेमतेम १४. धार इतकी पातळ झाली की पहिल्याच दाढीत दातरते.

सहाण:
त्यावर उपाय आहे की. पाठीवर इन्सुलेशन टेपचे दोन थर. एक थर साधारण ०.१५ मिलिमीटर, दोन्ही बाजू धरून ०.३, म्हणजे पाऊण अंशाहून थोडं जास्त. दोन थरांत गेलेला कोन परत येतो. टेप झिजतो, म्हणून १००० च्या दगडावरून (आकडा मोठा तसा दगड बारीक) ४०००, तिथून ८००० वर जाताना दर वेळी नवा लावायचा. शेवटच्या दगडानंतर कॅनव्हासवर वीसेक फेऱ्या, कातडी पट्ट्यावर पन्नास.

धोकटी:
म्हणजे आधी पाठ घासून घालवायची आणि मग प्लास्टिक चिकटवून परत आणायची. छान आहे!

लोहपिसे:
दोघांनीही मूळ गुन्हेगाराचं नाव घेतलं नाही: बफिंगचं, म्हणजे मोटरवर फिरणारं पॉलिशचं चाक. हाताने घासताना चूक व्हायला तासभर लागतो, चाकावर दोन सेकंद. हॉलो ग्राउंड, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातं धारेजवळ कागदासारखं असतं, उष्णता जायला जागाच नाही. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादावर निळी झाक येते. ती आली की धारेचं पाणी, म्हणजे कडकपणा गेला, मग कितीही धार लावा, टिकणार नाही. आणि विकणारा ती निळाई पॉलिश करून घालवतो, म्हणजे घेणाऱ्याला पत्ताच नाही. जाड पाचरीसारख्या जुन्या पात्याला चाक त्या मानाने कमी छळतं, पण शिक्के तिथेही जातात. माझं मत धोकटींच्या बाजूला, फक्त कारण वेगळं.

जाता जाता: 'सिल्व्हर स्टील' छापलेलं म्हणजे चांदी घातलेलं, असं धरून जास्त पैसे देऊ नका. १८२२ मध्ये लंडनचे हत्यारं घडवणारे स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ फॅरडे यांनी पाचशे भाग पोलादात एक भाग चांदीचा प्रयोग मांडला, त्यानंतर तो शिक्का झळकू लागला. ते दोघे आपल्या वुट्झ, म्हणजे भारतात बनणाऱ्या प्रसिद्ध पोलादाच्या मागे होते, आणि त्याचे नमुने १७९० च्या दशकात हेलेनस स्कॉट या डॉक्टरने मुंबईहूनच लंडनला धाडले होते.

आगोट:
पात्यावरून भांडताय, मुठीकडे कोणी बघतच नाही. पात्याचा फक्त मुठीत लपणारा भाग गंजला असेल आणि टँग स्वच्छ असेल तर दोष हवेचा नाही, मुठीच्या सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचा. ते कुजताना नायट्रिक आम्लाची वाफ सोडतं. अंगठ्याने जोरात चोळलं की कापराचा वास येतो. तापलेल्या सुईने तपासू नका, ते भडकतं. असा वस्तरा बाकीच्यांपासून लांब, हवा खेळेल अशा जागी ठेवा, बंद डब्यात नको. मूळ पुठ्ठ्याची डबी वेगळी जपा, पावसाळ्यात ती ओल धरते. आणि मूठ हस्तिदंती असेल, टोकाला जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसत असतील, तर पॉलिशचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.

सहाण:
सेल्युलॉइड कुजलेलं असेल तर मूठ काढून टाका. मूठ धरून ठेवणाऱ्या रिव्हेटचं (खिळ्याचं) एका बाजूचं डोकं बारीक कानशीने घासायचं, दुसऱ्या बाजूने हलकेच ठोकून बाहेर. नव्या मुठीला १.६ मिलिमीटरची पितळी तार.

धोकटी:
इथे मात्र तुमच्याशी सहमत. जुनी मूठ फेकू नका, चिठ्ठी लावून वेगळी ठेवा. रिव्हेटच्या जुन्या चकत्यासुद्धा.

सहाण:
चकत्या ठेवतो. पातं मी चकचकीतच करणार.