न सांगता फोन रेकॉर्ड करणं: बंदी हवी का?

मार्कंडेयकाठ: आमच्या गावच्या ग्रुपवर एक ऑडिओ फिरतोय. ऊस वाळाय लागला म्हणून शेतकऱ्यानं ऊसतोड टोळीच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणतो, "खुशाली आधी ठरवा, मग कोयता लावतो." खुशाली म्हणजे तोडीसाठी मागायचे वरचे पैसे. शेतकऱ्यानं गुपचूप रेकॉर्ड केलं. माझ्या मते न सांगता रेकॉर्डिंगवर बंदीच हवी. कॅलिफोर्नियात खासगी संभाषणाला सगळ्यांची संमती लागते, जर्मनीत तर हा गुन्हा आहे.

निपाणीवाला: म्हणजे मुकादमाला विचारायचं, "मामा, पैसे मागतायसा ते रेकॉर्ड करू काय?" मग तो मागेल होय? बोलणाऱ्यानंच रेकॉर्ड करायला आपल्याकडं थेट बंदी नाही. १९७२ चा मलकानी खटला बघा की ओ. मुंबईच्या कॉरोनरनं डॉक्टरकडं पैसे मागितले, फोनवर बोलणाऱ्या डॉक्टरच्या संमतीनं फोन टेप झाला, सुप्रीम कोर्टानं तो पुरावा मानला.

मार्कंडेयकाठ: जुनं झालं ते. १९९६ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) निकालात फोनवरचं बोलणं खासगीपणात धरलंय. २०१७ ला तर खासगीपणा मूलभूत हक्कच ठरला.

निपाणीवाला: पीयूसीएल सरकारी टॅपिंगबद्दल आहे. तिसऱ्यानं चोरून ऐकणं वेगळं, माझ्याशीच बोललेलं मी ठेवणं वेगळं.

शहापूरची वहिनी: तुम्ही दोघं उसातच अडकलायसा. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं घटस्फोटाच्या दाव्यात जोडीदाराचं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही चालेल म्हटलंय. छळ सोसणाऱ्या बाईला आधार झाला, मान्य. खरं नवराही तेच करणार. आधी तासभर डिवचायचं आणि ती ओरडली की बटण दाबायचं.

खानापूर कोर्टाबाहेर: म्हणून तर मूळ फोन जपून ठेवायचा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाईलची हॅश किंमत असते, म्हणजे फाईल जरा बदलली तरी बदलणारा तिचा आकडी ठसा. कापलेला तुकडा उलटतपासणीत उघडा पडू शकतो. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फाईलवर भिस्त ठेवू नका. आणि तो ऑडिओ मीही ऐकलाय. शेवटी मुकादम लेकीच्या दवाखान्याचं सांगतोय, तेही गावभर झालं. त्याचा खुशालीशी काय संबंध?

मार्कंडेयकाठ: हेच म्हणतोय मी! संमती लागली असती तर हे झालंच नसतं.

निपाणीवाला: आणि खुशालीचंही बाहेर आलं नसतं. दवाखान्याचं फिरवलं ते चूकच, ग्रुपवरनं काढाय सांगतो त्याला. मूळ फाईल खरं पुसू देणार नाही. अजून ऊसतोड आलेली नाही त्या शेतकऱ्याची.